अधिवेशन आणायचं तर आधी यजमान शोधा

जळगावातल्या काही हॉटेलमालकांनी एकत्र येऊन शहराचा पर्यटन ब्यूरो काढायचं मनावर घेतलंय. त्यांचं विचारणं असं: मोठ्या शहरांतले ब्यूरो अधिवेशनं, परिषदा आणि पर्यटक नेमके कसे आणतात, आपल्या गावाला ते झेपेल का, आणि गोळा झालेल्या वर्गणीतून सुरुवातीला ड्रोनचा व्हिडिओ आणि वेबसाइट करून घेतली तर चालेल का. माझी उमेदीची वर्षं याच धंद्यात गेली, आधी पुण्या-मुंबईत परिषदांची व्यवस्था बघण्यात आणि नंतर इथे खानदेशात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. सुट्टीत कुठे जायचं हे माणूस व्हिडिओ बघून ठरवेलही, पण चारशे डॉक्टरांचं अधिवेशन कुठे भरवायचं हे कुणी तसं ठरवत नाही. ते ठरतं संघटनेच्या सर्वसाधारण सभेत, बहुतेक वेळा चालू अधिवेशनाच्या शेवटच्या दुपारी, निम्म्या लोकांचं लक्ष गाडीच्या वेळेकडे लागलेलं असताना. अध्यक्ष विचारतात, पुढच्या वर्षी कोण घेणार? कुणीतरी हात वर करतो आणि त्याच्या गावाचं नाव इतिवृत्तात जातं. ब्यूरोचं काम त्या हातामागे उभं राहण्याचं. त्या माणसाला हात वर करायचा धीर यावा, आणि "तुमच्याकडे सोय काय?" असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे तयार कागद असावा.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १८९६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मिल्टन कारमायकल नावाच्या एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिलं की अधिवेशनांना येणारी माणसं गावात चांगला पैसा सोडून जातात, तर व्यापाऱ्यांनी मिळून अशी अधिवेशनं मुद्दाम का आणू नयेत? व्यापारी जमले आणि त्यांनी एक पगारी माणूस नेमला, ठिकठिकाणी जाऊन संघटनांना आमंत्रण द्यायला. जगातल्या सगळ्या कन्व्हेन्शन ब्यूरोंचं मूळ तिथे आहे. आपल्या देशात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या पुढाकाराने १९८८ मध्ये इंडिया कन्व्हेन्शन प्रमोशन ब्यूरो निघाला. आंतरराष्ट्रीय परिषदांची मोजदाद ठेवणारी इक्का ही संस्था १९६३ पासून आहे, पण तिच्या हिशेबात बसायला परिषद किमान पन्नास जणांची, नियमित भरणारी आणि किमान तीन देशांत फिरणारी असावी लागते. तुमचा-आमचा माल त्या चाळणीत येतच नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे दोनशे ते सहाशे माणसांची राज्यस्तरीय अधिवेशनं आणि अधूनमधून एखादी राष्ट्रीय परिषद. त्यांची तयार यादी कुठे विकत मिळत नाही, ती घरीच करावी लागते.

खानदेशाला अधिवेशनं नवी नाहीत. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. काँग्रेसचं अधिवेशन खेड्यात भरण्याची ती पहिलीच वेळ. खेड्यात भरवावं ही गांधीजींची इच्छा होती, आणि ते अंगावर घ्यायला इथे धनाजी नाना चौधरींसारखा कार्यकर्ता उभा होता. नंदलाल बोसांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातून ते नगर सजवलं. फैजपूरने आपण शहर असल्याचा आव आणला नाही. खेडं असणं हेच तिथे येण्याचं कारण ठरलं, आणि खेड्याला शोभेल तेच दाखवलं. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणात याहून चांगलं उदाहरण मला भेटलेलं नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला झालं, ९७वं. त्याआधी १९५२ साली ते अमळनेरला झालं होतं. जळगावने १९३६ आणि १९८४, धुळ्याने १९४४ साली संमेलन घेतलं. साहित्य महामंडळाची पद्धत बघा: संस्था निमंत्रणं पाठवतात, स्थळ निवड समिती येऊन जागा पाहते, मग निर्णय होतो. अमळनेरला मराठी वाङ्मय मंडळ ही जुनी संस्था यजमान होती, प्रताप महाविद्यालयाचं आवार होतं आणि साने गुरुजींचं नाव होतं. गावात मोठं हॉटेल होतं म्हणून संमेलन आलं असं कुणी म्हणणार नाही. (त्याच सुमारास विद्रोही साहित्य संमेलनही अमळनेरलाच भरलं होतं. एकाच गावाने एकाच आठवड्यात दोन्ही मांडव पेलले, याचं कौतुक आपल्याच लोकांना कमी आहे.)

तेव्हा पहिलं काम वहीचं. जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव इथे राहणारी आणि राज्यपातळीवरच्या संघटनेत पदावर असलेली माणसं लिहून काढा. डॉक्टरांपासून सुरू करा, कारण त्यांच्या प्रत्येक शाखेची वेगळी संघटना असते: बालरोग, भूलतज्ज्ञ, अस्थिरोग, दंतवैद्य. मग सनदी लेखापाल, वकील, ग्रंथपाल, मुख्याध्यापक, विषयवार शिक्षक संघ. मग व्यापारी: सराफ, डाळ मिलवाले, पीव्हीसी पाइपवाले, चटईवाले, केळीचे निर्यातदार. प्रत्येक नावासमोर संघटनेचं अधिवेशन दरवर्षी भरतं की दोन वर्षांनी, गेल्या काही वर्षांत ते कुठे-कुठे झालं, किती लोक आले, आणि पुढचं ठिकाण कोणत्या सभेत ठरतं, हे लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ती सभा होऊन गेल्यावर तुम्ही कितीही चांगलं पत्र पाठवलं तरी वर्ष गेलं.

ही वही भरताना एक गोष्ट लगेच दिसेल. बहुतेक राज्य संघटना विभागवार पाळी लावतात: विदर्भ, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र. उत्तर महाराष्ट्राची पाळी आली की अधिवेशन आपसूक नाशिकला जातं किंवा शिर्डीला. हॉटेलं, द्राक्षबागा, साईबाबा, सगळं त्यांच्या बाजूने. तुमची लढाई त्या दोन ठिकाणांशी आहे, गोव्याशी किंवा हैदराबादशी नाही. आणि नाशिकसमोर आपल्या हातात एक पान भक्कम आहे, ते म्हणजे रेल्वे. मुंबई-नागपूर लोहमार्ग सुमारे ८३७ किलोमीटरचा, आणि जळगाव मुंबईपासून सुमारे ४२० वर. म्हणजे बरोबर मधोमध. सुरतेकडून येणारा मार्गही इथेच मिळतो. विदर्भातल्या सभासदाला नाशिकपेक्षा जळगाव बरंच जवळ पडतं, आणि ज्या संघटनेचे बरेच सभासद नागपूर, अमरावती, अकोल्याचे आहेत तिला हे नकाशा काढून दाखवलंत की सभेत चर्चेची दिशा बदलते. विमानावर मात्र विसंबू नका. जळगावचा विमानतळ २०१२ पासून आहे, पण सेवा सुरू होतात, बंद पडतात. प्रस्तावात त्या वेळी जे विमान चालू असेल ते एका ओळीत लिहा, त्यावर इमला बांधू नका.

विषयाच्या बाबतीत तर आपल्याला नाशिकची भीती बाळगायचं कारणच नाही. केळी, ठिबक, टिश्यू कल्चर, सोनं, डाळ या विषयांवर परिषद भरवायला याहून योग्य गाव कोणतं? इथली केळी आणि भरताची वांगी, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय आहे, केळी संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ १९९० पासून आहे. इतिहासाच्या अभ्यासकांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ दोन तासांवर आहे. दंतवैद्यांना जळगावात का यावं हे पटवायला घाम गाळावा लागेल, केळी उत्पादकांना पटवावं लागणार नाही. म्हणून पहिली दोन अधिवेशनं विषयाशी नातं असलेलीच घ्या, त्यांच्या जोरावर बाकीच्यांकडे जाता येईल.

आता खोल्यांचं गणित, कारण बिघडतं ते इथेच. समजा चारशे प्रतिनिधी नोंदले. त्यांतले शंभर आसपासचे, रात्री घरी जाणारे. उरलेल्या तीनशेंना दोघांत एक खोली धरली तर दीडशे, पण वक्ते, ज्येष्ठ आणि सहकुटुंब आलेले स्वतंत्र खोली मागतात, म्हणून एकशे ऐंशी धरा. एवढ्या खोल्या एका हॉटेलात मिळणार नाहीत, सहा-सात ठिकाणी वाटाव्या लागतील. एकाचा चेक-आउट सकाळी नऊचा, दुसऱ्याचा बाराचा, तिसरा चोवीस तासांचा. एकाच्या भाड्यात नाश्ता धरलेला, दुसऱ्याच्या नाही. ब्यूरो नसेल तर हे सगळं त्या बिचाऱ्या यजमान डॉक्टरच्या डोक्यावर येतं, आणि एकदा हे भोगलेला माणूस पुन्हा हात वर करत नाही. ब्यूरोने हॉटेलांचे तीन गट करावेत, प्रत्येक गटाला एकच भाडं, एकच चेक-आउट, नाश्ता धरून, आणि आरक्षणाचा अर्ज एकच. किती खोल्या राखून ठेवल्या, कोणत्या तारखेपर्यंत नावं आली नाहीत तर त्या हॉटेलला परत विकायला मोकळ्या, हे कागदावर असावं.

आणि या कागदाला दात हवेत. तुम्ही सगळे हॉटेलवाले आहात म्हणून स्पष्ट सांगतो: अधिवेशनाच्या तोंडावर लग्नाची पार्टी रोख रक्कम घेऊन आली की राखलेल्या वीस खोल्या अचानक "दुरुस्तीला" निघतात. हे सगळ्यांना माहीत आहे. ब्यूरोत ज्याने असं केलं त्याचं नाव पुढची दोन वर्षं कुठल्याही प्रस्तावात जाणार नाही, असा नियम पहिल्याच बैठकीत सह्यांनिशी करा. तो होत नसेल तर ब्यूरोचा विचार सोडून द्या.

लग्नांचा विषय निघालाच आहे तर पंचांग उघडा. आपल्याकडे मोठी सभागृहं म्हणजे मंगल कार्यालयं आणि लॉन. छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, विद्यापीठाची आणि काही खासगी सभागृहं आहेत, पण जेवणावळीसह चारशे-पाचशे माणसं सामावणारी जागा बहुतेक वेळा कार्यालयच असते. तुळशीचं लग्न लागलं की ती भरतात आणि मग वैशाख-ज्येष्ठापर्यंत तिथींवर ती मिळणं कठीण. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. त्या दिवसांत बाहेरच्या माणसाला जळगाव-भुसावळला बोलावणं म्हणजे वैर धरणं. मग आपला हंगाम कोणता? एक चातुर्मासातला, श्रावणापासून दसऱ्यापर्यंत, गणपतीचे दिवस वगळून. मुख्य मुहूर्त नसतात, कार्यालयं ओस, भाडं उतरवून मागता येतं, आणि अजिंठ्याचा डोंगर हिरवागार, सातकुंडाचा धबधबा कोसळत असतो. दुसरा पौष. लग्नं कमी, हवा थंड, आणि भरताची वांगी ऐन भरात. नाशिकची हॉटेलं डिसेंबरअखेर भाव वाढवून बसलेली असतात, तेव्हा तुमचा पौषातला प्रस्ताव खजिनदाराच्या डोळ्यांत भरतो.

अजिंठ्याबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ब्यूरोच्या कचेरीत लावा: लेणी सोमवारी बंद असतात. अधिवेशनं शुक्रवार ते रविवार भरतात आणि बाहेरचा आयोजक साहजिकच सहल सोमवारी ठेवतो. बसगाड्या ठरतात, लोक सहकुटुंब थांबतात, आणि फर्दापूरला जाऊन कळतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं म्हणून सोमवारी तिकडे नेता येईल, पण जळगावहून जाऊन-येऊन अख्खा दिवस गाडीत जातो. सहल गुरुवारी, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ठेवा. त्यामुळे प्रतिनिधी एक रात्र आधी येतात, म्हणजे तुमची एक रात्र वाढली. साठेक किलोमीटरचा रस्ता, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून एसटीच्या बसने आणखी चार किलोमीटर, मग पायऱ्या. वयस्क मंडळींना डोली मिळते हे आधी सांगून ठेवलं तर निम्मे "मी खालीच बसतो" म्हणणारे वर जातात.

स्थळ पाहणीला येणारा माणूस काय बघतो, हे हॉटेलवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांच्या एका संघटनेच्या सचिव मॅडम पाहणीला आल्या होत्या, कोल्हापूरच्या. यजमानांनी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटोग्राफर, सगळा सरंजाम ठेवला. मॅडमनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि सरळ स्त्रियांच्या स्वच्छतागृहात गेल्या. प्रत्येक दाराची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिले. मग सभागृहात येऊन शेवटच्या रांगेत खांबाआड बसल्या आणि पडद्यावर काहीतरी दाखवा म्हणाल्या. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत येत होतं, पडदा पांढराफटक. "दुपारच्या सत्रात एक्स-रे दाखवायचे असतात," एवढंच त्या बोलल्या. नंतर मेन स्विच बंद करायला लावला आणि जनरेटर चालू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. सभागृहापासून जेवणाच्या मांडवापर्यंत चालत गेल्या, पावसात वर छप्पर असेल का विचारलं. सभागृहाची सजावट, झुंबरं, कारंजं यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी यजमानांनी खिडक्यांना जाड काळे पडदे शिवायला टाकले आणि त्याचा फोटो मॅडमना पाठवला. अधिवेशन मिळालं. सत्काराचे पैसे पडद्यांत घाला, मी दुसरं काय सांगू.

प्रस्तावाचा कागद चार पानांपेक्षा मोठा नको. तारखांचे दोन पर्याय, सभागृह आणि त्याचं भाडं, खोल्यांचे तीन गट, माणशी दिवसाच्या जेवणाचा दर, गाड्यांच्या वेळा, सहल. आणि पहिल्या पानावर यजमान संघटनेचं पत्र, ब्यूरोचं नाही. गाड्यांबद्दल एक टीप: रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं, तेव्हा तारीख त्याच्या बरीच आधी सभासदांपर्यंत गेली पाहिजे. शिवाय बऱ्याच गाड्या रात्री-अपरात्री जळगावला पोचतात. पहाटे तीन वाजता स्टेशनवर फलक घेऊन उभा असलेला एक पोरगा आणि हॉटेलात त्याच वेळी उघडणारी खोली, याची आठवण लोक पुढच्या अधिवेशनातही काढतात.

जेवणाबद्दल मी जरा पक्षपाती आहे. अधिवेशनाच्या जेवणात पनीर आणि रशियन सॅलड सगळीकडे असतं. एक रात्र शेतात काढा. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेली वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, नाहीतर पुऱ्या. दुसऱ्या दुपारी वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. शेवभाजीचा रस्सा तेवढा बाहेरच्यांसाठी वेगळ्या पातेल्यात करायला सांगा, आपल्या आचाऱ्याचं "मध्यम तिखट" पुण्याच्या माणसाला झेपत नाही. खापरावरची पुरणपोळी करणाऱ्या बाया समोर बसवल्यात तर लोक फोटो काढत रांगेत उभे राहतात, आणि त्या फोटोंना तुम्हाला पैसे पडत नाहीत. सोबत आलेल्यांचा एक फेरफटका सराफ बाजारात ठेवा. जळगावचं सोनं या शब्दाला राज्यभर वजन आहे, तो फेरफटका कुणाला पटवून द्यावा लागत नाही. सराफांकडून मात्र कमिशन घेऊ नका, एकदा ती बातमी फुटली की ब्यूरो आणि टॅक्सीवाला यांत फरक उरत नाही.

पैशाचं काय? अमेरिकेतले ब्यूरो हॉटेलच्या खोलीवरच्या करावर चालतात, लास वेगासचा अवाढव्य कारभारही मुख्यतः त्यावरच उभा आहे. आपल्याकडे असा पैसा ब्यूरोकडे वळवायची वाट नाही. राज्याचा सुखसोयी कर होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत विरला. सरकारी मदतीसाठी पर्यटन संचालनालयाच्या नाशिक विभागीय कार्यालयाशी संबंध ठेवा, पण पगार त्या भरवशावर ठेवू नका. वार्षिक वर्गणी बेताची ठेवा आणि ब्यूरोने आणलेल्या अधिवेशनातून भरलेल्या प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीमागे ठरावीक रक्कम हॉटेलने ब्यूरोला द्यावी. ज्याला धंदा मिळाला तो देईल, ज्याला नाही मिळाला त्याची कुरकुर नाही. ही रक्कम प्रतिनिधीच्या बिलात लपवून लावू नका.

साध्या पर्यटकांबद्दल थोडक्यात. अजिंठ्याला येणारे कितीतरी लोक जळगाव स्टेशनवर उतरतात, टॅक्सी करतात आणि निघून जातात. त्यांना एक रात्र थांबवणं एवढंच पहिलं उद्दिष्ट ठेवा: सकाळी लेणी, परत येताना गांधीतीर्थ, रात्री भरीत, सकाळच्या गाडीने पुढे. पद्मालय, पाटणादेवी, मुक्ताईनगर, चांगदेव ही ठिकाणं चांगली आहेत, पण ती दुसऱ्या रात्रीची गोष्ट. तोरणमाळ आणि सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा नंदुरबारकडे. ब्यूरो अख्ख्या खानदेशाचा करावा असं काहींचं म्हणणं असेल. माझं मत उलट आहे. पाहुण्याला जिल्ह्याच्या सीमा दिसत नाहीत हे खरं, पण वर्गणी देणाऱ्याला दिसतात. धुळ्याच्या हॉटेलवाल्याला जळगावच्या अधिवेशनातून पहिली दोन वर्षं काही मिळणार नाही आणि तो बैठकीला यायचं बंद करेल. आधी जळगावपुरतं चालवून दाखवा.

राहता राहिला पगारी माणूस. मार्केटिंगची पदवी, फर्डं इंग्रजी यांच्या मागे लागू नका. औषध कंपनीत दहा-पंधरा वर्षं एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) म्हणून फिरलेला, डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळायची सवय असलेला, पन्नाशीच्या आसपासचा एखादा गृहस्थ जळगावात नक्की सापडेल. ड्रोनच्या पैशांत त्याचे काही महिन्यांचे पगार निघतील. त्याच्याकडून दोन गोष्टी काटेकोर करून घ्या: वर सांगितलेली वही, आणि अधिवेशन संपल्यावर आठवड्याच्या आत एक पानी हिशेब. कोणत्या हॉटेलात किती खोल्या राखल्या होत्या, प्रत्यक्षात किती भरल्या, किती रात्री, जेवणाची किती ताटं लागली. तो कागद यजमान संघटनेला द्या आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवा. पुढच्या संघटनेचा खजिनदार येईल तेव्हा तो पहिल्यांदा हाच मागणार आहे.